लाइट परत आली, पण सर्व्हर परत आला का?

आज लिनक्सवर बोलायचंय. घाबरू नका, कमांडची यादी वाचून दाखवणार नाही. तुमच्यातले बरेच जण हे ठाणे ते डोंबिवली उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून ऐकता, हे मला माहीत आहे. म्हणून आज दोनच गोष्टी घेऊ. एक, सर्व्हरवर लॉगिन केलं की तो आपल्याला सगळ्यात आधी काय सांगतो. दुसरी, मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं की त्यावर आपोआप काय सुरू होतं आणि काय होत नाही. क्लासमध्ये हे दोन वेगळे धडे असतात. माझ्या मते तो एकच धडा आहे. मशीन उठल्यावर काय झालं, हे लॉगिनच्या पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे.

सुरुवात १२ ऑक्टोबर २०२० पासून करतो. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली लाइट एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, अर्धं शहर घरून काम करतंय, आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जे कारण सांगितलं, ते आपल्या दारातलंच होतं. महापारेषणच्या ४०० केव्हीच्या कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटची देखभाल चालू होती, सगळा भार दुसऱ्या सर्किटवर होता, आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. कळवा म्हणजे ठाण्याच्या पुढचं स्टेशन, पडघा भिवंडी तालुक्यात. मग टप्प्याटप्प्याने वीज परत आली.

अशा दिवशी लाइट जाते तेव्हा सगळे ओरडतात. मला लाइट परत येते ती वेळ जास्त महत्त्वाची वाटते. कारण त्या वेळी ऑफिसात कोणी नसतं. वागळे इस्टेटमधल्या बंद गाळ्यात, एखाद्या क्लिनिकच्या माळ्यावर, सोसायटीच्या ऑफिसात सीसीटीव्हीच्या शेजारी ठेवलेलं ते एक मशीन, त्याला आता एकट्याने उठायचंय.

पहिला प्रश्न, ते उठेल का? हे लिनक्सच्या हातात नाही, बायोसच्या हातात आहे. त्यात एक सेटिंग असतं: वीज परत आल्यावर बंदच राहायचं, चालू व्हायचं, की आधी जसं होतं तसं. साध्या डेस्कटॉपवर ते बऱ्याचदा बंदवरच असतं. म्हणजे तुम्ही कितीही सुंदर स्टार्टअप स्क्रिप्ट लिहा, सकाळी कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत ती वाचायला कोणी नाही.

दुसरा प्रश्न, उठल्यावर त्याला काय आठवेल? इथे नवीन मुलांचा नेहमी गोंधळ होतो. एखादी सर्व्हिस स्टार्ट करणं वेगळं आणि इनेबल करणं वेगळं. सिस्टिम-सीटीएल स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. सिस्टिम-सीटीएल इनेबल म्हणजे पुढच्या वेळी मशीन उठेल तेव्हा तुझी तू चालू हो. फक्त स्टार्ट केलेली सर्व्हिस सहा महिने नीट चालते, सगळे खूश असतात, आणि पहिल्या लाइट जाण्याला ती गायब. सहा महिने ती चालत होती हा तिचा गुण नव्हता, त्या सहा महिन्यांत मशीन बंदच झालं नव्हतं. ही गोष्ट आजच्या आज तपासता येते. सिस्टिम-सीटीएल इज-इनेबल, आणि पुढे सर्व्हिसचं नाव. उत्तर एका शब्दात येतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण इंटरनेटवरचे जुने सल्ले त्यामुळेच गोंधळात टाकतात. पूर्वी ईटीसी फोल्डरमध्ये आरसी-डॉट-लोकल नावाची फाइल असायची. शेवटी जे काही चालवायचं ते त्यात एकाखाली एक लिहायचं, बस. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी आणलं. २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ त्यावर गेले. त्यावरून इंटरनेटवर जी भांडणं झाली, ती आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही लाजवतील. पण एक गोष्ट सिस्टिमडीने नीट केली. कोण कोणाच्या आधी आणि कोण कोणावाचून अडणार, हे लिहायला स्वतंत्र शब्द दिले. आफ्टर आणि रिक्वायर्स.

हा फरक लोकलवरून समजून घ्या. समजा कल्याणला अनाउन्समेंट झाली, 'आसनगाव गेल्यानंतर ही गाडी सुटेल.' हे आफ्टर. फक्त क्रम. आसनगाव त्या दिवशी रद्द असेल तर तुमची गाडी तिची वाट बघत बसणार नाही, ती सुटेल. रिक्वायर्स म्हणजे 'आसनगाव नाही तर ही पण नाही.' आणि गंमत अशी की नुसतं रिक्वायर्स लिहिलं तर क्रम ठरत नाही, दोघी एकदमच सुटू शकतात. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही लिहावं लागतं. हे एवढं लांबण लावून सांगतोय, कारण पुढची गोष्ट सगळी यावरच आहे.

डोंबिवली पूर्वेला एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. ती चालवणाऱ्या डॉक्टरांना मी काकू म्हणतो, त्या मला अरे-तुरे करतात. लॅबमध्ये कोपऱ्यात एक उबुंटूचं मशीन. त्याला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क, आणि रिपोर्टच्या सगळ्या पीडीएफ त्या डिस्कवर. हे सगळं बसवून दिलं होतं एका बाहेरच्या व्हेंडरने. एका सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. 'अरे, शुक्रवार ते रविवारचे रिपोर्ट गेले कुठे? आधीचे सगळे आहेत, मधले तीनच दिवस नाहीत. एका आजोबांचं उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यांचा शुगरचा रिपोर्ट त्यात आहे. आणि सँपल पण आता ठेवलेली नाहीत रे.'

मधले तीन दिवस गायब, हे ऐकून पहिल्यांदा व्हायरस आठवतो. डिस्क खराब झाली असती तर जुनंही गेलं असतं. कोणी चुकून डिलीट केलं असतं तर इतकं मोजून मापून तीनच दिवस कसं गेलं असतं? मग मी विचारलं, 'काकू, या दिवसांत लाइट गेली होती का?' गेली होती. गुरुवारी रात्री, आणि पुन्हा रविवारी रात्री.

झालं होतं असं. गुरुवारी रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, मशीन बंद पडलं. पहाटे लाइट आली, मशीन आपोआप उठलं. पण डिस्कचा अ‍ॅडॉप्टर वेगळ्या एक्स्टेंशन बोर्डवर होता आणि त्या बोर्डाचं बटण रात्री बंद केलेलं होतं. व्हेंडरने डिस्कच्या नोंदीत नोफेल असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ, डिस्क सापडली नाही तरी अडून राहू नकोस, पुढे जा. ते वाईट नाही, नाहीतर डिस्कवाचून मशीन अर्ध्यातच थांबलं असतं. पण रिपोर्टचं सॉफ्टवेअर चालू होत होतं क्रॉनमधून, अ‍ॅट-रीबूट, आणि आधी तीस सेकंद झोप. म्हणजे तीस सेकंदांत डिस्क येईलच, असा भरवसा. डिस्क आली नाही. सॉफ्टवेअर उठलं, त्याला रिपोर्ट नावाचा फोल्डर दिसला, आणि ते त्यात लिहायला लागलं.

आता हे नीट ऐका. लिनक्समध्ये डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर माउंट करतात. डिस्क जोडलेली नसली तरी तो रिकामा फोल्डर असतोच, मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. भिंतीवर कॅलेंडर टांगतो ना, तसं. कॅलेंडर नसलं तर भिंत असते, आणि तुम्ही भिंतीवरच लिहायला लागता. शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस रिपोर्ट भिंतीवर लिहिले गेले. सकाळी लॅबमधल्या मुलाने बोर्डाचं बटण चालू केलं होतं, डिस्कचा दिवा लुकलुकत होता, सगळं छान दिसत होतं. जुना रिपोर्ट कोणी मागितला नाही. रविवारी रात्री पुन्हा लाइट गेली, या वेळी डिस्कचं बटण चालूच होतं, त्यामुळे सोमवारी डिस्क बरोबर माउंट झाली. म्हणजे भिंतीवर पुन्हा कॅलेंडर टांगलं गेलं, आणि तीन दिवसांचं लिखाण त्याच्या मागे गेलं.

फाइली कुठेही गेल्या नव्हत्या. सॉफ्टवेअर थांबवलं, डिस्क अनमाउंट केली, फोल्डर उघडला, सगळ्या पीडीएफ तिथे. त्या बाजूला काढल्या, डिस्क परत माउंट केली, जागेवर ठेवल्या. आजोबांचा रिपोर्ट दुपारच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर गेला.

पण मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. लिनक्समध्ये लास्ट म्हणून कमांड आहे, कोण कधी लॉगिन झालं ते दाखवते. ती बघितली तर शनिवारी दुपारी व्हेंडरचा माणूस लॉगिन झालेला दिसला. प्रिंटरच्या कामासाठी, लांबून. म्हणजे ज्याला कळलं असतं असा एक माणूस ऐन बिघाडात मशीनच्या आत येऊन गेला होता. त्याला स्क्रीनवर काय दिसलं? व्हेंडरचा लोगो. अक्षरं जुळवून काढलेला, चांगला वीस ओळींचा, खाली 'वेलकम'. लोगो बघून, प्रिंटर नीट करून तो निघून गेला. मी त्याला दोष देत नाही. डिस्क तपासायची त्याला काही कारणच नव्हतं. ते कारण मशीनने द्यायला हवं होतं.

आता लॉगिनच्या मेसेजकडे येऊ. याचं खरं नाव मेसेज ऑफ द डे, फाइलचं नाव एमओटीडी. नाव ऐकून रोजचा सुविचार वाटतो, पण ही प्रथा आली त्या काळात एकाच मोठ्या युनिक्स मशीनवर पुष्कळ लोक काम करायचे. चालवणाऱ्याला सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा असायचा: अमुक वेळी मशीन बंद राहील, तमुक डिस्क भरत आलीय, फाइली काढा. म्हणजे चक्क मेगाब्लॉकची सूचना. २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याच्या पाच-सहा नंबर प्लॅटफॉर्मच्या रुंदीकरणासाठी मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवतंय? त्या दिवसांत स्टेशनवर येणाऱ्याला रेल्वेचा लोगो बघायचा नव्हता. गाडी आहे की नाही, तेवढंच हवं होतं.

उबुंटूवर हे कसं चालतं ते सांगतो. ईटीसीमध्ये अपडेट-एमओटीडी-डॉट-डी असा फोल्डर आहे. त्यात छोट्या स्क्रिप्ट असतात, नावापुढे आकडे: ००-हेडर, ९०-अपडेट्स-अव्हेलेबल, ९८-रीबूट-रिक्वायर्ड. कोणी लॉगिन केलं की त्या आकड्यांच्या क्रमाने चालतात आणि जे छापतात ते तुमच्यासमोर येतं. तुमची स्क्रिप्ट त्यात टाकायची, एक्झिक्युटेबल करायची. आणि नावाच्या शेवटी डॉट-एसएच लावायचं नाही. ९९-डिस्क चालेल, ९९-डिस्क-डॉट-एसएच गुपचूप वगळली जाईल. एररसुद्धा येत नाही. यावर लोकांनी अख्ख्या दुपारी घालवल्यात.

आत काय लिहायचं? माझं मत कडक आहे. सगळं ठीक असेल तर जवळजवळ काहीच लिहायचं नाही. मेमरी किती, सीपीयूचं तापमान किती, ठाण्याचं हवामान काय, हे रोज दिसलं की चौथ्या दिवशी डोळा ते वाचणं सोडतो. डिस्क जोडलेली नसेल तर ओरडा. सिस्टिम-सीटीएल डॅश-डॅश-फेल्ड मध्ये काही असेल तर ते छापा. मशीन कधी उठलं ते छापा, अपटाइम डॅश एस ही कमांड ते देते. पहाटे ४ वाजता उठलं असं दिसलं की माणसाच्या डोक्यात आपोआप प्रश्न येतो, रात्री लाइट गेली होती का? काकूंच्या मशीनवर माउंटपॉइंट कमांडने डिस्क तपासायची, आणि नसेल तर एकच वाक्य: 'रिपोर्टची डिस्क जोडलेली नाही, आधी ती बघा.'

दोन सावधगिऱ्या. या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. म्हणून त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी रूटशिवाय कोणालाही नको. दुसरा कोणी तिथे एक ओळ घुसवू शकला, तर तुम्ही लॉगिन करताक्षणी ती ओळ मालकाच्या ऐटीत चालेल. आणि दुसरं, स्क्रिप्ट अडकली तर लॉगिनही अडकतं. नेटवर्कवरची डिस्क लटकली असेल आणि तुमची स्क्रिप्ट तिचीच जागा मोजत बसली, तर ज्या दिवशी आत जाणं सर्वात गरजेचं, त्याच दिवशी दार उघडत नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी टाइमआउट २ लावा. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, सोडून द्या.

याच फोल्डरमध्ये ५०-एमओटीडी-न्यूज म्हणून एक स्क्रिप्ट असते, ती उबुंटूवाल्यांच्या सर्व्हरवरून मजकूर आणते. २०१७ च्या जूनमध्ये लोकांनी सर्व्हरवर लॉगिन केलं तर तिथे एचबीओच्या सिलिकॉन व्हॅली मालिकेशी संबंधित लेखाची ओळ! लोक चिडले, मला विचाराल तर बरोबरच चिडले. ईटीसी-डिफॉल्टमधल्या एमओटीडी-न्यूज फाइलमध्ये इनेबल्ड बरोबर शून्य केलं की ते बंद होतं.

काकूंच्या मशीनवर मेसेज हा अर्धाच उपाय होता. लॅबमधलं कोणी लॉगिन करतच नाही, ते फक्त सॉफ्टवेअर वापरतात. म्हणून क्रॉनमधली ती तीस सेकंदांची झोप काढली आणि नीट सर्व्हिस बनवली. त्यात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ, पुढे रिपोर्टच्या फोल्डरचा पत्ता. ही एकच ओळ क्रमही सांभाळते आणि अडवतेही. डिस्क नाही, तर सॉफ्टवेअर उठणारच नाही. शिवाय डिस्क काढून ठेवून त्या रिकाम्या फोल्डरवर सी-एच-अ‍ॅट्टर प्लस आय केलं. म्हणजे भिंतीवर रूटलासुद्धा लिहिता येणार नाही, कॅलेंडर टांगलं की लिहिता येतं.

काकूंना हे आवडलं नाही. 'म्हणजे पेशंट समोर उभा आणि सॉफ्टवेअर बंद?' म्हटलं, हो, आणि तुम्ही मला सकाळी आठला फोन कराल, सोमवारी नाही. त्यावर त्यांनी दुसरा, जास्त हुशारीचा उपाय केला. डिस्कचा अ‍ॅडॉप्टर यूपीएसवर घेतला आणि बोर्डाच्या बटणावर पट्टी चिकटवली.

लॉगिनच्या आधी दिसणारा मजकूर वेगळा, तो इश्यू नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि एसएसएचसाठी बॅनर म्हणून वेगळा द्यावा लागतो. तिथे मशीनची आवृत्ती, कंपनीचं नाव, काही नको, ते अनोळखी माणसालाही दिसतं. फक्त परवानगी असलेल्यांसाठी, एवढं पुरे. विनापरवानगी आत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतंच.

आणि हो, मेसेज मराठीत लिहिता येतो का? लॉगिननंतरचा, एसएसएचवरून बघणार असाल तर येतो, कारण अक्षरं काढायचं काम तुमच्या फोनचं किंवा लॅपटॉपचं असतं. पण मशीनला थेट मॉनिटर लावलात तर लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर चौकटी दिसतील. त्याच्याकडे जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांची जागा असते आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. माझा नियम: आधी एक ओळ साध्या इंग्रजीत, खाली मराठीत.

सर्व्हर नाही म्हणून बसू नका, फोन आहे. टर्मक्स टाका, एफ-ड्रॉइडवरून. उघडल्यावर जो लांबलचक वेलकम दिसतो, तो एमओटीडीच. होममध्ये डॉट-हशलॉगिन नावाची रिकामी फाइल बनवली की तो गप्प होतो. मग डॉट-बॅशआरसी मध्ये डीएफ डॅश एच टाका, उघडताच जागा किती उरली ते दिसेल. मात्र ही सवय सर्व्हरवर नेऊ नका. तिथे बॅशआरसीच्या सुरुवातीला असलेल्या तपासणीच्या वर काहीही छापलंत, तर एससीपी आणि आरसिंकने फाइल पाठवणं मोडतं, त्यांना तुमचा मजकूर मध्ये नको असतो.

स्टार्टअपची चव घ्यायची तर टर्मक्स-बूट टाका, तेही एफ-ड्रॉइडवरूनच, दोन ठिकाणांहून घेतलेली अ‍ॅप एकमेकांशी जुळत नाहीत. ते एकदा उघडा, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. डॉट-टर्मक्स फोल्डरात बूट नावाचा फोल्डर करून त्यात स्क्रिप्ट ठेवा: तारीख आणि वेळ एका फाइलच्या शेवटी जोडणारी एक ओळ. फोन रीस्टार्ट करा. फाइलमध्ये ओळ आली का? नाही आली तर कुठे अडली ते शोधा, आणि मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात मागच्या बूटचा लॉग कसा वाचायचा ते घेऊ, जर्नल-सीटीएल डॅश बी डॅश एक. तुमच्या व्हॉइस नोट्समधली एखादी अडचणच घेऊन.